आप्पांच्या खोलीची कमान

आप्पासाहेबांना खोकला झालाय, हे घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. एक आप्पासाहेब सोडले तर.

"मला काय बी झालेलं नाय," ते म्हणायचे, आणि म्हणता म्हणता खोकायचे. मग त्यांचं कोण ऐकतंय? त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, शिवराजनं, वाळूजच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि बापाला उस्मानपुऱ्यात डॉक्टरकडं नेलं. छातीचा फोटो झाला, रक्त झालं, थुंकी झाली. डॉक्टर फोटो उजेडाकडं धरून शिवराजला म्हणाले, "यांची फुप्फुसं तुमच्यापेक्षा चांगली आहेत." तरी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून एक तपकिरी औषध लिहून दिलं. त्याच्या तीन बाटल्या संपल्या. म्हातारा इमानदारीत सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घेत होता आणि खोकत होता.

खरं दुखणं काय आहे ते कळलं तनुजाला. ती शिवराजची बायको, आप्पांची सून. गारखेड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या खाली एका शटरमध्ये तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, आणि अख्ख्या कॉलनीत तिच्या हातचा गोल गळा नावाजलेला. एका दुपारी ती वर घरात जमिनीवर बसून ब्लाउजांना हूक लावत होती आणि सहज तिचं सासऱ्याकडं लक्ष गेलं. आप्पा खाटेवरून उठले, दोन पावलं चालले, खोकले, मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. बाहेर येताना परत खोकले. बाथरूमकडं वळताना खोकले. आणि गॅलरीत जाऊन अर्धा तास बसले, तर तिथं हूं नाही की चूं नाही.

तनुजाची सुई हातातच राहिली. "अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "हा खोकला कुठला? हे तर खाकरणं!"

ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांना हे सांगायला नको. घरातला मोठा माणूस बाहेरून आत येताना दारात खाकरतो. आत बायका असल्या तर पदर सावरतात, कुणी अवघडून बसलं असलं तर नीट बसतं. पडेगावच्या त्यांच्या जुन्या घराला बैठक वेगळी, माजघर वेगळं, मध्ये उंबरा. दिवसातून दोनदा खाकरलं की काम झालं. गेल्या पावसाळ्यात ते घर पडलं आणि आप्पा इथं आले. इथं एक बेडरूम, एक हॉल आणि त्याच हॉलच्या पोटातून निघालेलं स्वयंपाकघर. कुठं आपलं संपतं आणि कुठं सुनेचं सुरू होतं, काही पत्ताच नाही. मग तो अदबीचा माणूस करणार काय? पावलापावलाला खाकरत होता. आणि त्याच्यासाठी मात्र कुणी खाकरत नव्हतं. त्याची खाट हॉलमध्ये. तिच्या शेजारून दूधवाला जायचा, गॅसवाला जायचा, ब्लाउज न्यायला आलेल्या बायका दारातून डोकावायच्या, आणि हे बनियनवर बसलेले गडबडून अंगावर टॉवेल ओढायचे. तनुजाला हे सगळं रोज दिसत होतं. दिसूनही आठ महिने कळलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी तिनं शिवराजला सांगितलं. तो आधी खो-खो हसला. "म्हणजे मी खाकरण्याला औषध पाजलं?" असं म्हणाला, आणि मग त्याचं हसू आपोआप आटलं.

त्यावर दोघांनी काही करावं, त्याच्या आतच म्हाताऱ्यानं जेवताना बॉम्ब टाकला.

"येत्या रविवारी गोकुळला टेम्पो घेऊन बोलावलंय," आप्पा म्हणाले. गोकुळ म्हणजे त्यांचा पडेगावचा पुतण्या. "माझी खाट, ट्रंक अन् वळकटी. एका खेपंत जातंय."

"जातंय म्हणजे? कुठं?" शिवराजचा घास हातातच.

"शेतात, विहिरीवर. मोटारीच्या खोलीत. गोकुळनं झाडून ठेवलीय."

मोटारीची खोली म्हणजे आठ बाय आठची, वर पत्रा, जवळ माणूस नाही काणूस नाही. आप्पा शहात्तर वर्षांचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. शिवराज चिडला, ओरडला, रात्री-बेरात्री काय झालं तर कोण बघंल, लोक आम्हाला काय म्हणतील, सगळं म्हणून झालं. आप्पा शांतपणे भाकर मोडत होते.

"मी काय रुसून चाललो नाय रे. पोटच्या पोराहून जास्त करती ही तनुजा माझं. कशाची कमी नाय. पण इथं मला कसं वाटतंय सांगू? स्टँडवर बसल्यासारखं. गाडी कवा लागंल ते बघत."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तनुजा पुढं जे करून बसली ते तुम्हाला येडेपणाचं वाटंल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनं शिवणकाम करायचं म्हटलं, तेव्हा भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. आपल्या घरची सून लोकांची पोलकी शिवणार? तेव्हा आप्पा शहरात दूध घालायला जायचे. एके दिवशी रिकाम्या कॅनच्या मधोमध एक जुनी शिलाई मशीन दोरीनं बांधून, सायकल हातानं ढकलत पडेगावपर्यंत आले. मशीन बैठकीत ठेवली आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "ज्याला काय बोलायचं आसंल त्यानं माझ्याशी बोलावं." त्यानंतर कुणी बोललं नाही. तनुजाचा बाप ती शाळेत असतानाच गेलेला. त्या दिवसापासून तिनं या माणसाला मनातल्या मनात बाप करून टाकलं होतं. तो विहिरीवर पत्र्याखाली एकटा पडणार, हे तिला सोसणारं नव्हतंच.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला खोली करून दिली तर राहाल?"

"कुठं करशील? हवेत?"

"हॉलमध्येच. गॅलरीच्या बाजूनं बोर्डाची भिंत घालू. जिप्समचा बोर्ड असतो, दुकानांतनी, ऑफिसांतनी लावतात तो. वीट नाय, शिमिट नाय, धूळ नाय."

"पुठ्ठ्याची भिंत?" आप्पांना हसू आलं. "अन् दार?"

"ठेवू की दार."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. त्यांना वाद मिटवायचा होता, आणि वाद मिटवायची त्यांची जुनी रीत होती: समोरच्याला न होणारं काम सांगायचं. "तीस वर्षं दूध घेऊन वेशीच्या दगडी, कमानीच्या दरवाजांखालून शहरात शिरलो मी. सपाट चौकट गोठ्याला आसती. माझ्या खोलीला दार करायचं तर कमानीचं कर. रविवारपतूर कमान झाली तर राहतो. नाय झाली तर गोकुळ यायलाच लागलाय."

"दिला शब्द?"

"दिला."

"येडी झालीस का?" नंतर शिवराज म्हणाला. "आज सोमवार. कमान म्हणजे काय ब्लाउजचा गळा वाटला का तुला?"

"व्हय," तनुजा म्हणाली. "तसाच वाटला."

मंगळवारी सकाळी ती उस्मानपुऱ्यात सांडू मिस्त्रीकडं गेली. सांडू छताची आणि पार्टिशनची कामं करायचा. त्याच्या बायकोचे ब्लाउज तनुजाकडंच असायचे, त्यामुळं त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

"ताई, सीधी भिंत म्हणाल तर उद्याच्या उद्या लावून देतो," सांडू म्हणाला. "पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, दोन्ही अंगानं बोर्ड, खलास. पर कमान की बात नक्को करो. लगीनसराई आहे, माझी सगळी माणसं मंगल कार्यालयाच्या छतावर अडकलीत. कमानीला निवांत बैठक लागते, घाईचं काम नाही ते."

"सीधी भिंत तू लाव. मधी तीन फुटाचं भोक ठेव. उरलेला बोर्ड अन् तुझी स्क्रू मारायची मशीन ठेवून जा. कमान मी बघते."

सांडूनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं विमान चालवायला मागितलं. पण बुधवारी तो आला आणि दिवसभरात भिंत उभी करून गेला. खरंच ना धूळ ना चिखल. हॉलच्या गॅलरीकडच्या अंगाला, खिडकीसकट, नऊ बाय दहाची जागा वेगळी झाली. मध्ये तीन फूट रुंद, सात फूट उंच चौकोनी भोक. जाताना त्यानं तनुजाला पत्र्याची पट्टी कशी वाकवायची ते दाखवलं आणि एक उपदेश केला.

"बोर्ड फार नखरेवाला असतो, ताई. वाकवायचा तर नव्या सुनेला वाकवतात तसा वाकवायचा. हळूहळू."

"मग नायच वाकायचा," तनुजा म्हणाली. सांडू जिना उतरेपर्यंत हसत होता.

गुरुवारी तिनं शटर अर्धं ओढून घेतलं आणि कमान बेतायला बसली. बेतायची कशी, हा प्रश्नच तिला पडला नाही. गळा काढायचा म्हणजे कापड दुमडायचं. दुमडून कापलं की दोन्ही बाजू सख्ख्या बहिणी. तिनं चार वर्तमानपत्रं चिकटवली, मधोमध दुमडली, खिळ्याला दोरी बांधून अठरा इंचाची गोलाई मारली आणि कात्री चालवली. कागद उलगडून भोकावर धरला. काय बसला म्हणता! खाटेची जागा बदलून आता स्वयंपाकघराच्या भिंतीकडं पडलेल्या आप्पांनी वर्तमानपत्राआडून हळूच बघितलं आणि परत वाचायचं सोंग घेतलं.

मग बोर्डावर खडूनं आखून तिनं हॉलच्या बाजूचा तुकडा छोट्या करवतीनं कापला. मागचा, म्हणजे खोलीच्या बाजूचा, कापला. समोरचा स्क्रूनं बसवला. मागचा बसवला. दोन पावलं मागं सरून बघितलं. मागची कमान पुढच्यापेक्षा चांगली दोन इंच उंच गेलेली!

कागद एकच, हात एकच, मग हे झालं कसं? ती मोजत बसली, परत मोजत बसली, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. सतरा वर्षं तिचे हात पुढचा गळा आणि मागचा गळा कापत होते. पुढचा सहा इंच, मागचा आठ. दुसरा तुकडा समोर आला की खडू आपोआप दोन इंच खाली सरकायचा. इथंही सरकला, आणि कमान म्हणजे उलटा गळा, म्हणून ती तेवढीच वर गेली. डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

तनुजा तिथंच जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"काय झालं गं?" आप्पांना राहवेना.

"कमानीला पाठ अन् पोट केलं मी, आप्पा! ब्लाउज शिवला!"

आप्पांनी पेपर तोंडावर धरला, पण पेपर हलत होता.

दुसरी एखादी रडली असती. तनुजाला हा रोगही ठाऊक होता आणि त्याची दवाही. गळा लहान कापला गेला तर जीव जात नाही. मोठा करता येतो. मोठा कापला गेला तरच कपाळाला हात. तिनं समोरचा तुकडाही दोन इंच वाढवून घेतला आणि दोन्ही अंगं एक केली. कमान जरा उभट झाली, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा ऐटदार दिसायला लागली.

"डावीकडं उतरलीय," मागून आवाज आला.

"काय?"

"डावी बाजू. खाली आलीय. मला काय करायचंय म्हणा, मी रविवारी चाललो."

तिनं टेप लावली. बरोबर दोन सूत, म्हणजे पाव इंच. एका डोळ्याच्या म्हाताऱ्यानं पंधरा फुटांवरून पकडलेलं. तनुजानं निमूट स्क्रू काढले, तुकडा वर सरकवला, परत आवळला. मनात मात्र ती म्हणाली, चाललेल्या माणसाला डावं-उजवं कशाला दिसतंय?

शुक्रवारी खरी परीक्षा झाली. पत्र्याची पट्टी सांडूनं दाखवल्यासारखी वाकली आणि दोन्ही तुकड्यांच्या मध्ये बसली. आता कमानीच्या पोटाला, म्हणजे खालून वर बघितल्यावर दिसतं तिथं, तीन इंच रुंदीची बोर्डाची पट्टी गोलाईत लावायची होती. उरलेल्या बोर्डातून अशा लांब पट्ट्या निघाल्या तीनच. तिनं पहिली उचलली, एक टोक स्क्रूनं बसवलं आणि हळूहळू, अगदी सांडूनं सांगितलेल्या नव्या सुनेसारखी, वाकवायला घेतली. अर्ध्यापर्यंत आली. आणि कडाड! दोन तुकडे हातात, एक पायावर.

दुसरी तिनं पाण्यात भिजवली. भिजवायची असते हे तिनं ऐकलं होतं, पण किती, ते ऐकलं नव्हतं. खाली एक बाई ब्लाउज मागायला आली, तिचं माप घेण्यात अर्धा तास गेला. वर येऊन बघते तर बादलीत चहात बुडालेल्या बिस्किटासारखा लगदा. कागद एकीकडं, चुना एकीकडं.

उरली एक पट्टी. सांडूला फोन केला तर तो छतावर, म्हणाला, "सोमवारी नवा बोर्ड देतो, ताई. बाजाराचा टेम्पो सोमवारीच येतो." सोमवारी काय उपयोग? शिवराज कामावरून आला, तुकडे बघितले आणि मवाळ आवाजात म्हणाला, "तनुजा, तू लई केलंस. चौकोनी दार ठेव. मी आप्पांना समजावतो."

"त्यांनी शब्द कमानीचा दिलाय. चौकोनी दार ठेवून त्यांना थांबवलं तर ते थांबतील, पण आपल्या उपकारावर. मला तसं नको."

"अन् ही पट्टी बी मोडली तर?"

"नाय मोडायची," ती म्हणाली. का नाही, ते तिला त्या घटकेला माहीत नव्हतं. पण अशी बाई एकदा नाही म्हणाली की नाही.

शनिवारी सकाळी आप्पांनी वळकटी बांधली. ट्रंकेतले कपडे काढले, घड्या घालून परत भरले. धोतरं, दोन पटके, मेलेल्या बायकोचा फ्रेमवाला फोटो, तो कपड्यांच्या मधोमध. तनुजानं ते बघितलं आणि जिना उतरून दुकानात गेली. एका नवरीचे ब्लाउज आजच द्यायचे होते. नवरीची मावशी स्टुलावर येऊन बसलेलीच.

गोल गळा होता. तनुजानं गळ्याला पट्टी शिवली, ती उलटवायच्या आधी कात्रीच्या टोकानं शिवणीच्या कडेला गोलाईभर बारीक कापे मारायला लागली. कच, कच, कच. हे शिकाऊ पोरीलासुद्धा ठाऊक असतं: कापे मारल्याशिवाय गोलाई बसत नाही, कापड ओढतं, सुरकुती पडते. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट. पाचव्या कापाला तिची कात्री थांबली.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

"मी गाढव आहे, मावशी," तनुजा म्हणाली. "बसा, आले."

मावशी "अगं पण ब्लाउज!" म्हणेपर्यंत ती दुसऱ्या मजल्यावर होती.

शेवटची पट्टी तिनं जमिनीवर पालथी टाकली. मागच्या अंगाला दर इंचावर खडूची रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेवर पातं हलकं फिरवलं, असं की मागचा कागद कापला जावा पण पुढचा शाबूत राहावा. मग पट्टी उचलून एकेक काप अंगठ्यानं दाबून जरासा मोडला. टक, टक, टक. कापांची तोंडं उघडली आणि पट्टी, काय सांगू, हातात साप वळावा तशी वळली. दाराच्या पोटाशी धरली तर गोलाईला जाऊन चिकटलीच. तनुजानं एकेक स्क्रू मारला, आणि शेवटचा मारताना ती मोठमोठ्यानं स्वतःशी बोलत होती, "बसली की नाय? बसली की नाय बाई? म्हणं नखरेवाला!"

मग उरलं ते घासायचं आणि भरायचं. तिनं सांध्यांवर जाळीची चिकटपट्टी लावली, पुट्टीचा एक हात दिला. चैत्राचं ऊन एकदाचं कुणाच्या तरी कामाला आलं. दुपारी दिलेला हात चारला वाळला, संध्याकाळी दुसरा दिला. मावशीला ब्लाउज सहा वाजता मिळाले, आणि मावशी रागावली होती ते वर येऊन कमान बघितल्यावर विसरली. शिवराजनं घासायचा कागद हातात घेतला आणि न सांगता घासायला लागला. आप्पा जेवून लवकर झोपले. किंवा भिंतीकडं तोंड करून पडले, कोण जाणे.

रविवारी शिवराज म्हणाला, "खाट आत लावू का? म्हणजे त्यांना बघून बरं वाटंल."

"नको," तनुजा म्हणाली. "कुठं लावायची ते त्यांना ठरवू दे. खोलीत की टेम्पोत."

साडेनऊला गोकुळ आला. उंचापुरा, हसरा गडी, घामेजलेला. टेम्पो खाली उभा करून वर आला, आणि हॉलमध्ये शिरताच "आयला! हे काय?" म्हणून थबकला. आप्पा तयारच होते: पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला पटका. पायाशी ट्रंक आणि वळकटी. गोकुळला त्यांनी हातानं थांब म्हटलं आणि कमानीसमोर जाऊन उभे राहिले.

ऑपरेशन झालेला चांगला डोळा त्यांनी त्या गोलाईवरून डावीकडून उजवीकडं फिरवला. मग हात फिरवला. मग बोट वाकवून ठोकून बघितलं. टप टप.

"पोकळ हाय," ते म्हणाले.

शिवराजनं खाली बघितलं. तनुजा पुढं आली. तिच्या केसांत पुट्टीची पांढरी भुकटी होती आणि अंगठ्याला पट्टी बांधलेली.

"पोकळच हाय, आप्पा. दगड नाय ती. पण तुम्ही कमान म्हटलात, कमान झाली. रविवार म्हटलात, आज रविवार." एवढं ती ठासून बोलली, आणि पुढचं मात्र हळू आवाजात म्हणाली. "तरी शब्दात अडकला म्हणून राहू नका. तुमचा शब्द मी सोडला. जायचं तर आनंदानं जा, मी डबा बांधून देते. पण माझं विचाराल तर मला तुम्ही घरात लागता. तुमच्याशिवाय मला करमायचं नाय."

आप्पांनी कमानीखाली पाऊल टाकलं. उंच माणूस, पटका आणि कमान यांच्यामध्ये चार बोटं उरली. ते आत गेले आणि भिंतीआड दिसेनासे झाले.

बाहेर तिघं उभे. आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग चपला एका कडेला काढून ठेवल्याचा आवाज. पाच मिनिटं झाली असतील, पण तनुजाला विचाराल तर ती अर्धा तास सांगेल. गोकुळनं शिवराजकडं बघून हळूच विचारलं, "मग? सामान खाली नेऊ का?" शिवराज कमानीकडंच बघत होता. गोकुळनं आपल्या परीनं अर्थ लावला, वाकून ट्रंक उचलली आणि बाहेरच्या दाराकडं वळला.

"गोकुळ!" आतून हाक आली. "ट्रंक कुठं चालवलीस? इकडं आण."

गोकुळ ट्रंक घेऊन कमानीपाशी गेला. आप्पा समोर आले, ट्रंक त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीखाली नेऊन ठेवली. झाकण उघडलं, वरची धोतरं बाजूला केली, आणि बायकोचा फोटो काढून भिंतीला टेकवून उभा केला. मग वळले आणि ताठ उभे राहून गोकुळला म्हणाले, "ये की आत. उभा का? ये, बस."

"आप्पा, टेम्पो खाली उभा हाय..."

"उभा राहू दे. बस म्हणतो ना." आणि मग हॉलकडं मान करून, चांगल्या खणखणीत आवाजात, "तनुजा! पाव्हणा आलाय बाई. बसायला कायतरी दे अन् चहा टाक."

गोकुळ हसायला लागला. "मी अन् पाव्हणा? आप्पा, सख्खा पुतण्या हाय मी तुमचा."

"आसशील," आप्पा म्हणाले. "पर माझ्या घरी आलायस न्हवं? मग पाव्हणाच की."

तनुजानं दोन्ही खुर्च्या एकदम उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. सासऱ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच रडली असती. ती स्वयंपाकघरात आली, पातेल्यात पाणी घेतलं, आणि गॅस पेटवायच्या आधी पदरानं डोळे पुसले.